मामू, काय बघू?

माझ्या भाचीचं लग्न ठरलंय. मुलगा पुण्यात नोकरी करतो, ही इथे बी.एड. करते. दोघं रात्री फोनवर बोलतात ते बहुतेक सिरियलबद्दलच, असं तिची आई म्हणते. परवा भाचीनं विचारलं, "मामू, तुम्ही एवढं बघता, आम्हा दोघांना मिळून बघण्यासारखं काहीतरी सांगा. फार रडकं नको." मी चार-पाच नावं सांगून मोकळा झालो. घरी आल्यावर वाटलं, नावं काय कुणीही सांगेल. का बघायचं आणि बघताना कुठे सावध राहायचं, हे सांगायला पाहिजे होतं. म्हणून हे लिहितोय.

माझी कसोटी साधी आहे. पडद्यावरच्या मुसलमानाच्या घरात लाइटचं बिल येतं का? कुणी भांडी घासतं का? दर दोन वाक्यांमागे 'या अल्लाह' न म्हणता कुणी बोलतं का? आपल्याकडच्या मालिकांमध्ये आम्ही तीन प्रकारचे असतो. एक, डोळ्यांत सुरमा घातलेला बदमाश. दोन, हिरोचा जिवलग मित्र, जो शेवटच्या भागाच्या आधी हिरोसाठी गोळी खातो. आणि तीन, झुंबरं लटकलेल्या हवेलीत शेरवानी घालून फिरणारे लोक. झी टीव्हीवर 2012 साली 'कुबूल है' सुरू झाली तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी हौसेने बघितली. अम्मा आठवडाभरात म्हणाली, "ह्यांच्या घरात झाडू कोण मारतंय?" तिला झाडू मारणारी बाई शेवटपर्यंत दिसली नाही.

आमच्या घरी टीव्ही आला तोच भांडण घेऊन. अब्बा त्याला 'शैतान का डब्बा' म्हणायचे. आम्ही शेजारी देशपांडे काकूंच्या ओट्यावर बसून बघायचो. पुढे अब्बांनी स्वतःच सेकंडहँड ब्लॅक अँड व्हाइट संच आणला, कारण पोरं दुसऱ्याच्या दारात बसतात हे त्यांना शैतानापेक्षा जास्त खटकलं. त्या संचावर आम्ही 'नुक्कड' पाहिली. सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांची ही मालिका 1986 मध्ये दूरदर्शनवर आली. तिच्यातलं कादरभाईंचं हॉटेल मी आजही विसरलेलो नाही. अवतार गिल यांनी साकारलेले कादरभाई मुसलमान आहेत हे त्यांच्या नावावरून कळतं, तेवढंच. बाकी ते एक हॉटेलवाले आहेत, चहाची उधारी कोण बुडवणार याची त्यांना चिंता आहे. सायकलवाला हरी, कायम नशेत असलेला खोपडी, अजय वढावकरांचा गणपत हवालदार, सगळे त्याच कोपऱ्यावर. कुणी कुणाला भाईचारा शिकवत नाही, कारण रोज तिथेच उभं राहायचं असतं. अब्बांना गणपत हवालदार फार आवडायचा. "हा आपल्या फौजदार कचेरीतलाच आहे," म्हणायचे.

दुसरी त्यांना पटलेली मालिका म्हणजे गुलजारांची 'मिर्झा गालिब', 1988 ची. नसीरुद्दीन शाह गालिब आणि तन्वी आझमी उमराव बेगम. तन्वी आझमी म्हणजे आपल्या उषाकिरण यांची मुलगी. मराठी घरातली मुलगी दिल्लीच्या बल्लीमारानमधली बेगम इतकी खरी उभी करते की, मला गालिबपेक्षा तिचंच जास्त वाईट वाटतं. नवरा दारू पिणारा, कर्जात बुडालेला, आणि बायको पाच वेळची नमाजी. दोघांची मुलं जन्मतात आणि जात राहतात. अशी जोडपी आमच्या मोहल्ल्यात दोन-तीन तरी होती. शायरी सोडून फक्त संसार म्हणूनही ही मालिका बघता येते. नव्याने लग्न करणाऱ्यांनी तर जरूर बघावी.

आता पाकिस्तानी ड्रामे. यावर जरा वेळ घालवतो, कारण भाचीच्या यादीत सगळे तेच आहेत.

आखाती देशांतून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून पूर्वी हसीना मोईन यांच्या 'धूप किनारे'च्या व्हिडिओ कॅसेट यायच्या. पण ड्रामे घराघरांत पोचले ते जून 2014 मध्ये झीने 'जिंदगी' चॅनल काढल्यावर. दोन वर्षं चाललं. उरीच्या हल्ल्यानंतर 2016 मध्ये त्या चॅनलवरचे पाकिस्तानी कार्यक्रम बंद झाले. त्यानंतर इंटरनेटवर कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. राजकारणात मी शिरत नाही. त्या दोन वर्षांत आमच्या घरातल्या बायका रात्री आठ वाजता भाकऱ्या उरकून बसायच्या, एवढं सांगतो. वीस-पंचवीस भागांत गोष्ट संपते, हेच मुळात त्यांना नवल वाटायचं. आपल्याकडे तेवढ्या भागांत फक्त हळद लागते.

त्यातली 'जिंदगी गुलजार है' बघाच. उमेरा अहमद यांच्या कादंबरीवरची, सुलताना सिद्दीकी यांनी केलेली. तीन मुलीच झाल्या म्हणून बाप दुसरं लग्न करून गेलाय. आई शाळेत नोकरी करते, संध्याकाळी शिकवण्या घेते. थोरली कशफ कडवट आहे, हिशेबी आहे, अल्लाहशीसुद्धा भांडते. सनम सईदने ती भूमिका एकही अश्रू जास्त न गाळता केली आहे. कशफ स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी अधिकारी होते. आमच्या गावातल्या किमान चार मुलींनी तिच्यामुळे एमपीएससीची पुस्तकं आणली हे मला माहीत आहे. चौघींपैकी एकही पास झाली नाही, पण एक आज तलाठी कार्यालयात आहे आणि दुसरी क्लास चालवते.

पण त्या मालिकेचा दुसरा अर्धा भाग मला खटकतो. नायक जारून श्रीमंत आणि देखणा, फवाद खान असल्यावर देखणा असणारच. त्याची आई नोकरी-समाजकार्य करते म्हणून घराकडे तिचं दुर्लक्ष आहे असं दाखवलंय. बहीण मोकळी वागते म्हणून तिचं लग्न टिकत नाही. म्हणजे कष्टाळू गरीब बाईने नोकरी केली तर ती त्यागमूर्ती, आणि सुखवस्तू बाईने केली तर बेजबाबदार. कशफचा सगळा कडवटपणाही शेवटी एका चांगल्या नवऱ्याने धुऊन निघतो. भाचीला मी विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मामू, फवाद खान बघताना कोण विचार करतं?" हाच तर धोका आहे.

याहून मोठी तक्रार तलाकची आहे. किती ड्राम्यांत मी तो प्रसंग पाहिला असेल! नवरा रागाने थरथरतो, तीनदा तो शब्द उच्चारतो, वीज कडाडते, बाई खाली कोसळते, भाग संपतो. पुढच्या आठवड्यात ती माहेरी. जणू शब्द उच्चारला की लग्न जागच्या जागी विरघळतं. गंमत म्हणजे ज्या देशात हे ड्रामे बनतात, त्या देशाचा कायदासुद्धा तसं म्हणत नाही. पाकिस्तानात 1961 पासून मुस्लिम कौटुंबिक कायद्यांचा अध्यादेश लागू आहे. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे नवऱ्याने युनियन कौन्सिलच्या अध्यक्षाला लेखी नोटीस द्यायची, तिची प्रत बायकोला द्यायची, मग समेटाचा प्रयत्न व्हायचा. नोटिशीपासून 90 दिवस उलटेपर्यंत तलाक अमलात येत नाही. तिथल्या निकाहनाम्यात अठरावा रकाना आहे, नवऱ्याने तलाकचा हक्क बायकोला सोपवला आहे का, असा. ड्राम्यातल्या लग्नांत मेंदी, ढोलकी, बूट लपवणं असं सगळं चार-चार भाग चालतं. त्या रकान्यावर कॅमेरा थांबलेला मी तरी पाहिला नाही. युनियन कौन्सिलचं दार ठोठावणारी नायिकाही नाही पाहिली.

मला हे का झोंबतं ते सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीला 2009 मध्ये पोस्टाने एक कागद आला. अर्धं पान, खाली सही. आमच्या सगळ्या मोहल्ल्याचं तलाकचं ज्ञान म्हणजे 1982 चा 'निकाह' सिनेमा आणि वाडवडिलांकडून ऐकलेल्या गोष्टी. अम्माने कागद वाचला, कपाळाला हात लावला आणि बहिणीची पेटी आणायला माणूस पाठवला. मीही त्यातलाच, तेव्हा मी मास्तरकी करत होतो, म्हणजे शिकलेला. पुढे कितीतरी वर्षांनी एका वकील मित्राकडून कळलं की, आपल्या हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने 2002 मध्येच सांगितलं होतं, नुसतं 'तलाक दिला' असं कळवणं पुरेसं नाही. कारण हवं, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा, आणि हे सगळं नवऱ्याने सिद्ध करायला हवं. सुप्रीम कोर्टानेही शमीम आरा खटल्यात त्याच वर्षी तसंच म्हटलं होतं. एका दमातला तलाक सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला तो 22 ऑगस्ट 2017 ला, आणि त्यावर फौजदारी कायदा 2019 मध्ये आला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बहिणीच्या हातात तो कागद आला त्याच्या सात वर्षं आधीच त्या कागदाची किंमत काय ते ठरलेलं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही. खुद्द कुराणातही दोन्ही घरचा एकेक मध्यस्थ नेमायला सांगितलंय, हे मला पाठ होतं. तरी तेव्हा आठवलं नाही, कारण डोळ्यांसमोर सिनेमातली सलमा आगा होती.

ती बहीण आता शिवणकाम करते, ब्लाउजसाठी दोन तालुक्यांतून बायका येतात. ड्राम्यात तो प्रसंग आला की ती काही बोलत नाही, उठून आत जाते आणि कुकर लावते. कुकरची गरज असो वा नसो.

म्हणून भाचीला मी 'उडारी' बघायला सांगितलं. 2016 ची, फरहत इश्तियाक यांनी लिहिलेली. सावत्र बाप घरातल्या लहान मुलीवर अत्याचार करतो, याची ती गोष्ट आहे. तिथल्या प्रसारण नियामक मंडळाने चॅनलला नोटीस काढली होती, तरी मालिका पूर्ण झाली. इथे बाईला पोलीस ठाणं आहे, वकील आहे, कोर्ट आहे. अहसन खानचा इम्तियाज इतका साधा, मऊ बोलणारा माणूस आहे की अंगावर काटा येतो. 'रडकं नको' या अटीत ती बसत नाही, पण मुलांची आई होण्याआधी बघावी अशी आहे.

आणि अटीत बसणारी म्हणजे कॅनडाची 'लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी'. सीबीसी वाहिनीवर 2007 ते 2012, सहा सीझन. लेखिका झरका नवाज. मर्सी नावाच्या काल्पनिक खेड्यात मुसलमानांनी चर्चच्या जागेत भाड्याने मशीद सुरू केलीय. टोरंटोतली वकिली सोडून आलेला, दाढी न ठेवलेला तरुण इमाम आहे. सगळ्यावर आक्षेप घेणारे बाबर साहेब आहेत. असे बाबर साहेब प्रत्येक मशिदीत एक असतातच, आमच्या जमातीत तर तीन आहेत. कॅफे चालवणारी फातिमा आहे, रेडिओवरून मुसलमानांविरुद्ध गरळ ओकणारा एक गोरा आहे, आणि तोच फातिमाच्या कॅफेत जेवतो. मशिदीत बायकांच्या रांगेपुढे आडोसा हवा की नको, यावर एक अख्खा भाग आहे. डॉक्टर झालेली रय्यान म्हणते नको, पण काही बायकाच म्हणतात हवा, आम्हाला बरं वाटतं. पुढे काय होतं ते सांगत नाही. आमच्याकडे यावर बोलायचं म्हटलं तर आधी बायकांना मशिदीत जागा हवी, मग आडोशाचं बघू.

त्या मालिकेत मुसलमान मुसलमानांना हसतात, आणि त्याने दीन कुठेही कमी होत नाही. मराठीत हे का होऊ नये? दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत बघितला. चि. वि. जोशींच्या त्या कारकुनाचं घर ब्राह्मणी, तरी अब्बांना तो आपल्या चुलतभावासारखा वाटायचा. आमच्याकडेही चिमणराव आहेत हो. दख्खनीत बायकोला ओरडणारे, मराठीत अर्ज लिहिणारे, ईदच्या आदल्या रात्री शिरखुर्म्याच्या चारोळ्या आणायला विसरणारे. सासूशी दख्खनीत, मास्तरांशी मराठीत आणि मौलानांशी मोडक्या उर्दूत बोलणारी माझी बायको एका भागाला पुरेल एवढा मसाला रोज देते. कोकणातली मुस्लिम घरं तर आणखी वेगळी, त्यांची बोली आम्हा घाटावरच्यांनाही निम्मी कळते. हे लिहिणारं कुणीतरी असेल. वाहिनीवाल्यांना मात्र अजून हवेलीच हवी आहे.

'तमस' मी मुद्दाम यादीत शेवटी ठेवली. गोविंद निहलानींची, 1988 ची, भीष्म साहनींच्या कादंबरीवरची. ती थांबवावी म्हणून लोक कोर्टात गेले होते. मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी स्वतः बसून बघितली आणि चालू राहू दिली. पुढे सुप्रीम कोर्टानेही तेच केलं. दंगलीत एक म्हातारं शीख जोडपं एका मुसलमान घराचं दार ठोठावतं. पुरुष लुटीला गेलेले, दारात बाई, सुरेखा सिक्रींची. तिने त्यांना घरात घेतल्यावर लुटीत आलेली पेटी त्याच जोडप्याची निघते. अब्बा तो भाग संपल्यावर उठून देशपांडे काकूंकडे गेले होते. कशाला गेले ते सांगितलं नाही. काकू नंतर म्हणाल्या, "काही नाही रे, साखर आहे का विचारत होते."

भाचीने काल फोन केला. दोघांनी 'लिटल मॉस्क'चे चार भाग पाहिले. होणाऱ्या जावयाला बाबर साहेब फार आवडलेत, हे ऐकून मी जरा काळजीत आहे. मग तिने हळूच विचारलं, "मामू, आपल्या निकाहनाम्यात तशी अट लिहिता येते का, तो अठराव्या रकान्यासारखी?" म्हटलं, लिहिता येते, दोघांची मंजुरी पाहिजे. रविवारी काझी साहेबांकडे जायचं ठरलंय. धाकट्या बहिणीनेच म्हटलं, मी पण येते.