मामूंनी आणलेले स्टेशन



एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा आठवीत शिकतो. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मामूंनी सुट्टीवर येताना त्याच्यासाठी एक खोका आणला. त्यात छोट्या रेल्वेच्या मांडणीत ठेवायच्या स्टेशनचे किट आहे. मुलगा मोबाइल बाजूला ठेवून रोज संध्याकाळी ते सुटे भाग जुळवत बसतो. घरात मात्र वाद सुरू झाला आहे. दादी म्हणतात, माणसांचे पुतळे घरात नकोत. चाचा म्हणतात, ही फिजूलखर्ची आहे. मुलाचे अब्बा फर्निचरचे काम करतात. ते म्हणतात, "मी रंधा धरला तेवढा पुरे, याने पुस्तक धरावे." आता खोका दहावी होईपर्यंत कपाटात ठेवायचे ठरते आहे. काय करावे, असे या भगिनी विचारतात.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. छोट्या रेल्वेचा छंद युरोपात जुना आहे आणि तो मोठ्या माणसांचाही आहे. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातील ग्युटेनबाख गावी फालर बंधूंनी 1946 मध्ये कारखाना काढला. आजही तिथली फालर कंपनी रेल्वे मांडणीसाठी घरे, स्टेशने आणि पूल यांची किट बनवते. हॅम्बुर्गच्या जुन्या गोदामांत 2001 पासून 'मिनियातुर वुंडरलांड' हे प्रदर्शन आहे. तिथे डोंगर, शहरे, विमानतळ असे सारे काही याच लहान मापात उभे केले आहे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. शक्य असेल त्यांनी मुलांना जरूर दाखवावे.

सर्वांत प्रचलित माप 1:87. म्हणजे खरी वस्तू 87 पटीने लहान केलेली. 174 सेंटिमीटर उंचीचा माणूस या मापात बरोबर 2 सेंटिमीटरचा होतो. दोन रुळांमधले अंतर 16.5 मिलिमीटर. त्याला 87 ने गुणा, म्हणजे युरोपातल्या खऱ्या रुळांचे 1435 मिलिमीटर जवळजवळ हाती येतात. आपल्या ब्रॉडगेजचे 1676 मिलिमीटर याच मापात 19 मिलिमीटरच्या थोडे वर जातात. गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्याला मुले कंटाळतात, कारण त्यातले आकडे कशाचेच नसतात. इथे चुकलेला आकडा डोळ्यांना दिसतो. दार लहान पडते, माणूस आत जात नाही.

आता दादींची शंका. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण स्टेशनच्या किटमध्ये भिंती, छप्पर, खिडक्या, जिने असतात. माणसांच्या आकृत्या बहुधा वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. चित्रकारीवर पोट असलेल्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिला होता, हे हदीसमध्ये आले आहे. इमारत आणि झाड याच सदरात येतात. हजरत आयेशा (रजि.) यांच्या लहानपणीच्या बाहुल्यांचा उल्लेखही हदीसमध्ये आहे आणि मुलांच्या खेळण्यांविषयी उलेमांची वेगवेगळी मते आहेत. ज्या घरात मन साशंक आहे, तिथे स्टेशन रिकामे राहू द्यावे. त्याने मुलाचे काही अडत नाही आणि दादींचा मान राहतो. अधिक विचारायचे असेल तर आपल्या ओळखीच्या आलिमांना विचारावे.

खर्चाबद्दल चाचांचे म्हणणे अर्धे खरे आहे. परदेशी किट स्वस्त नसते, आणि एकामागून एक खोके मागवत राहणे हा इस्राफच. पण या मुलाला मिळालेला खोका भेट आहे. तो कपाटात पडून राहिला तर खरे वाया जाणे तेच. पुढचे काम पुठ्ठ्यातून होईल. इंग्लंडमध्ये मेटकाफ आणि सुपरक्विक या नावांनी छापील पुठ्ठ्याचीच किट विकली जातात. आपल्या घरात तर लग्नपत्रिकांचे जाड कागद ढिगाने असतात. टेप घेऊन आपल्याच घराची भिंत मोजावी. दहा फुटांची, म्हणजे 305 सेंटिमीटरची भिंत 87 ने भागली की साडेतीन सेंटिमीटर. पट्टी, पेन्सिल, कात्री आणि डिंक, एवढ्यात आपले घर टेबलावर उभे राहते.

उरला अब्बांचा प्रश्न. आम्हाला तो सर्वांत मोठा वाटतो. आमच्या मोहल्ल्यांत हातकाम म्हणजे शाळा सुटलेल्या मुलाचे नशीब, असे समीकरण होऊन बसले आहे. गॅरेजमध्ये, कारखान्यात, यंत्रमागावर लहान वयात लागलेली मुले आपण पाहिली आहेत. म्हणून आपला मुलगा हत्यारापासून लांब राहावा असे एखाद्या बापाला वाटते, यात त्याचे प्रेम आहे. त्याला आम्ही चूक म्हणणार नाही. पण या धास्तीने आपण हुनर आणि इल्म यांची फारकत करून टाकली. हात चालवणारा अडाणी आणि पुस्तक वाचणारा हाताने अपंग, अशी वाटणी झाली. पुढे हाच मुलगा इंजिनिअरिंगला गेला तर त्याला आराखडा वाचावा लागेल, भाग मनात फिरवून पाहावे लागतील. या किटचा नकाशा त्याला तेच शिकवतो आहे. त्यात भागांचे क्रमांक आणि बाण असतात. ते बघून कोणता भाग आधी आणि कोणता नंतर, हे ओळखायचे असते.

आणि हे काम घरात सर्वांत उत्तम कोणाला येते? अब्बांनाच. भाग चौकटीतून हाताने मोडून काढायचा नाही, कटरने कापायचा आणि कड घासायची. डिंक लावण्याआधी कोरडे जोडून पाहायचे. कोपरा गुण्यात आहे का ते तपासायचे. एक सांधा वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. हे सारे त्यांनी प्लायवुडवर आयुष्यभर केले आहे. एका संध्याकाळी ते मुलाशेजारी बसले, तर बापाच्या धंद्यात किती अक्कल लागते हे मुलाला प्रथमच कळेल. ज्या मुलाला बापाच्या कामाची लाज वाटत नाही, त्याला अभ्यासासाठी फार हाकावे लागत नाही, असा आमचा वर्गातला अनुभव आहे.

काही गोष्टी मात्र पाळाव्यात. प्लास्टिकचा डिंक प्लास्टिक विरघळवून जोडतो, त्याला वास असतो. खिडकी उघडी ठेवावी. कटर आणि बारीक भाग धाकट्या भावंडांपासून दूर ठेवावेत. गृहपाठ आणि मगरिबची नमाज आटोपल्यावर तासभर, एवढी वेळ ठरवावी. परीक्षेच्या महिन्यात खोका बंद, पण तो बंद करण्याचा दिवस मुलानेच कॅलेंडरवर लिहावा. पुढे दुसरे किट घेण्याची वेळ आली तर त्यावरचे माप वाचावे. ब्रिटिश किट बहुधा 1:76 ची असतात. ती 1:87 च्या शेजारी ठेवली तर घर स्टेशनच्या मानाने मोठे दिसते.

भगिनी, खोका कपाटात ठेवू नका. येत्या जुम्म्याच्या संध्याकाळी मुलाच्या अब्बांना टेबलाशी बसवा आणि पहिला सांधा त्यांच्या हातून जोडून घ्या. बाकीचे मुलगा करील, इन्शाअल्लाह.