उसाची ट्रॉली आणि अंधारांतील सायकलस्वार

दरसाल दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचीं धुराडीं पेटतात आणि पुढें चार-पांच महिने आपल्या भागांतील रस्ते उसाच्या वाहनांनीं भरून जातात. त्याच रस्त्यांवरून आणखी एक वर्ग रोज जात-येत असतो. त्याची आठवण आपणांस क्वचितच होते. पहाटे दुधाचे कॅन लावून डेअरीकडे निघालेला गवळी, रातपाळी संपवून परतणारा मजूर आणि शाळेंत जाणाऱ्या मुली, हे सर्व सायकलवर असतात. मानव विकास कार्यक्रमाखालीं राज्यांतील मागास तालुक्यांत इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस सायकली दिल्या जातात. म्हणजे अंतरामुळें जिचें शिक्षण थांबलें असतें अशा मुलीस समाजानें मोठ्या विश्वासानें रस्त्यावर पाठविलें आहे. तो रस्ता तिला सुखरूप आहे कीं नाहीं, हा प्रश्न पोलिसांचा किंवा बांधकाम खात्याचा, असें म्हणून आपण मोकळे होतों. माझें म्हणणें असें कीं, हा प्रश्न प्रथम आपला, म्हणजे जमीन व वाहनें बाळगणाऱ्या शेतकऱ्यांचा आहे.

रस्त्यावर बेदरकार कोण, असें विचारल्यास आपण वाळूच्या ट्रककडे आणि शहरांतून सुसाट येणाऱ्या मोटारींकडे बोट दाखवितों. तें खोटें नाहीं. परंतु 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कार्टें' हा न्यायहि त्यांत आहे. सन २०२२ मध्यें आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांतील सुमारें दोन तृतीयांश ग्रामीण भागांतील अपघातांत. ग्रामीण रस्त्यावर जड वाहन कोणाचें असतें, हें आपणांस कोणी सांगावयास नको.

हें मी दुसऱ्यास उपदेश करावा म्हणून लिहीत नाहीं. तीन वर्षांपूर्वीं माघ महिन्यांत आमच्याच घरची उसानें भरलेली ट्रॉली रात्रीं टायर फुटून रस्त्याच्या कडेस उभी राहिली. पुतण्यानें मागें चार धोंडे मांडले, बाभळीची एक फांदी खोविली आणि टायर आणावयास तो तालुक्याला गेला. ट्रॉलीचा मागील दिवा कित्येक दिवस बंद होता आणि रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या वाढ्यांखालीं झांकून गेला होता. अर्ध्या तासानें शेजारच्या वाडीवरील एक शेतमजूर सायकलवरून आला तो सरळ त्या ट्रॉलीवर आदळला. दैव बलवत्तर म्हणून प्राण वांचले. उजवा पाय मात्र दोन ठिकाणीं मोडला. दवाखान्यांत मी त्यास भेटावयास गेलों तेव्हां तो म्हणाला, "भाऊसाहेब, समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला, अन् ती गेल्यावर पुढं काळं दिसलं ते मला रस्ताच वाटलं."

त्यानें फिर्याद दिली नाहीं. औषधपाण्याचा खर्च आम्ही सोसला. परंतु जो मनुष्य दिवसभर वांकून भांगलण करी, तो आज घटकाभर उभा राहूं शकत नाहीं. दुसऱ्याच दिवशीं आम्ही नवा दिवा बसविला. बैल गेला आणि झोपा केला, तशांतला हा प्रकार. आणि ते चार धोंडे? ट्रॉली नेली, ऊंस कारखान्यांत पोंचला, तरी धोंडे तेथेंच रस्त्यावर पडलेले होते. तिसऱ्या दिवशीं मीच जाऊन ते उचलले. आमच्या घरांत वाईट माणूस कोणी नाहीं. धोका उत्पन्न करण्यास वाईटपणा लागतच नाहीं. नुसता आळस पुरतो.

आतां थोडा हिशेब करूं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेंतील एकेरी रस्त्याची डांबरी रुंदी सामान्यतः ३.७५ मीटर असते. ट्रॉलीची रुंदी सव्वादोन मीटर धरली आणि दोहों बाजूंस वीत-वीतभर ऊंस बाहेर आलेला धरला, तर ट्रॉली मधोमध चालली असतां प्रत्येक बाजूस जेमतेम अर्धा मीटर उरतो. सायकलचें हँडलच तेवढें रुंद असतें. अर्थात् सायकलस्वारास डांबर सोडून साइडपट्टीवर उतरल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आणि साइडपट्टी कोठें आहे? माझा जन्म महसूल खात्यांत कागद लिहिण्यांत गेला. सन १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खालीं बांधावरून गाडीवाट मिळावी म्हणून वर्षानुवर्षें तहसील कचेरीचे उंबरठे झिजविणारे शेतकरी मीं पाहिले आहेत. वितभर वाटेकरितां भावा-भावांतील बोलणें बंद झालेलें पाहिलें आहे. परंतु तेच आपण सरकारी रस्त्याच्या कडेला नांगर थेट डांबरापर्यंत नेतों. पाइपलाइनीकरितां रस्ता आडवा खोदतों आणि चर नीट बुजवीत नाहीं. बांधावरील बाभळ तोडून काटे कडेला टाकतों. डांबराची कड वीतभर खचलेली, खालीं ओली ढेकळें, आणि मागून भोंगा वाजवीत येणारी ट्रॉली. अशा स्थितींत दप्तर घेतलेल्या मुलीनें सायकल कोठें घालावी? ज्या वाटेचा हक्क आपण बांधावर एवढा पवित्र मानतों, तो तिलाहि आहे.

यावर आक्षेप येतात. पहिला असा कीं, रस्ताच अरुंद, त्यास आम्ही काय करणार? रस्ता रुंद करणें आपल्या हातीं नाहीं, हें मान्य. परंतु त्यावर जाणाऱ्या वाहनाचा वेग, दिवा आणि ओझें हीं आपल्या हातीं आहेत. दुसरा आक्षेप खेपांचा. चालकास खेपेवर पैसे मिळतात, कारखान्याच्या गव्हाणीवर रांग असते, म्हणून घाई होते. पण वेग दुप्पट केला कीं ब्रेक लावल्यानंतर वाहन थांबावयास सुमारें चौपट अंतर लागतें. मागें दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊंस आणि ट्रॉल्यांना ब्रेकच धड नाहींत, अशा वेळीं तें अंतर आणखी वाढतें. वर गाण्यांचा कर्णा इतका मोठा लावलेला असतो कीं, मागच्याची हांक चालकाच्या कानीं पडत नाहीं. पूर्वीं बैलगाडीच्या आखाखालीं कंदील टांगलेला असे, आणि ती चुकलीच तरी बैलाच्या चालीनें चुके. आज शक्ति शंभरपट वाढली आणि कंदील मात्र गेला.

तिसरा आक्षेप सायकलवाल्यांवर आहे, आणि तो सर्वस्वीं खोटा नाहीं. कित्येकजण रात्रीं विनादिव्याचे जातात, मागें तांबडा रिफ्लेक्टर नसतो, कोणी उलट्या बाजूनें येतो, कोणी कॅरिअरवर आडवा भारा बांधतो. त्यांनीं सुधारलें पाहिजे. शाळेनें प्रत्येक सायकलच्या मागें रिफ्लेक्टर आहे कीं नाहीं हें पाहावें. परंतु त्याची चूक झाली तर तो स्वतः मरतो. आपली चूक झाली तर तोच मरतो. म्हणून दोघांची जबाबदारी सारखी मानणें हा न्याय नव्हे. ज्याचें ओझें अधिक, त्यानें अधिक जपावें.

आणखी एक गोष्ट घराघरांतील आहे. मिसरूडहि न फुटलेला मुलगा ट्रॅक्टर चालवितो, याचें आपणांस कौतुक वाटतें. शेतांत तें शोभेल. सार्वजनिक रस्त्यावर अठरा वर्षांखालील मुलास ट्रॅक्टर चालविण्याचा परवाना मिळत नाहीं. सन २०१९ मध्यें मोटार वाहन कायद्यांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणें असा मुलगा गुन्ह्यांत सांपडल्यास पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते. त्याच दुरुस्तीनें जखमी मनुष्यास सद्भावनेनें मदत करणारासहि संरक्षण दिलें आहे; आपलें नांव सांगण्याची सक्ति त्याजवर करतां येत नाहीं. तेव्हां पोलिसांच्या भीतीनें पडलेल्या माणसास ओलांडून जाण्यास आतां कांहीं सबब उरली नाहीं.

करावयाचें काम थोडें आहे. ट्रॉलीच्या मागें तांबडे रिफ्लेक्टर असणें हा कायद्याचा नियमच आहे. तो पोलिसांच्या भयानें पाळण्यापेक्षां हंगामापूर्वीं प्रत्येकानें आपल्या खळ्यांतच पाळावा. मागील दिवा रोज संध्याकाळीं पाहावा. पट्टी झांकील असा ऊंस भरूं नये. लोंबणारीं वाढीं कापून टाकावीं. वाहन बंद पडल्यास एक माणूस विजेरी घेऊन मागें उभा ठेवावा आणि निघतांना धोंडे उचलावे. रस्त्यावर सांडलेला ऊंस व चिखल ज्याचा त्यानें काढावा. रस्त्याच्या हद्दींतून नांगर मागें घ्यावा. यांतील कशासहि सरकारचा हुकूम लागत नाहीं, आणि दिव्यापट्टीचा खर्च एक टन उसाच्या किंमतींत भागून उरेल.

आपल्या संघाच्या येत्या वार्षिक सभेंत असा ठराव यावा अशी माझी सूचना आहे कीं, मागील दिवा व रिफ्लेक्टर नसलेली कोणाहि सभासदाची ट्रॉली सूर्यास्तानंतर रस्त्यावर येणार नाहीं, आणि आली तर संघानें ती थांबवावी. ठराव आमच्या घरापासून लागू करावा. तो मजूर अजून त्याच रस्त्यानें जातो, पण आतां काठी टेकीत चालत. त्याची सायकल मोडली ती मोडलीच. मी समोरून दिसलों कीं तो थांबून नमस्कार करतो, आणि मला मान वर करवत नाहीं.