शेतकरी आणि नगरपालिका सदस्य जोतीराव



मागच्या एप्रिलमध्ये वर्गात माहितीचा तक्ता भरून घेत होतो. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात एका मुलाने लिहिलं, ‘काही नाही’. विचारलं, “अरे, बाबा काय करतात तुझे?” तर म्हणाला, “काही नाही सर, शेतीच करतात.”

आमच्या पोशेरा परिसरात घरोघरी नागली, वरई, भात पिकतं. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंतची सगळी कामं या मुलाला येतात. तरी त्याच्या लेखी शेती म्हणजे ‘काही नाही’!

त्याच आठवड्यात महात्मा फुले जयंती होती. मुलांनी भाषणं छान केली. १८२७ चा जन्म, १८४८ ची मुलींची शाळा, १८७३ चा सत्यशोधक समाज, सगळं पाठ. पण माझ्या लक्षात आलं, की या भाषणांत शेती कुठेच नाही. चूक मुलांची नाही, भाषणं आम्हीच लिहून दिली होती.

१८८२ साली जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. त्याखाली सही करताना त्यांनी आपली ओळख काय लिहिली? व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य. ‘महात्मा’ ही पदवी लोकांनी त्यांना पुढे १८८८ मध्ये दिली. सरकारी आयोगापुढे शेतकरी म्हणवून घेण्यात त्यांना जराही संकोच वाटला नाही.

त्यांची मांजरी येथे शेती होती. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते, तेही सरकारने नेमलेले. तरी व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला, तेव्हा त्यांनी विरोध केला. लोकांचा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लागावा, हे त्यांचं म्हणणं.

हंटर आयोगापुढेही त्यांनी हाच हिशोब मांडला. सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेकडून, मग तो उच्च शिक्षणावर आणि वरच्या वर्गावर जास्त का खर्च व्हावा? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान द्या, प्रत्यक्ष शिकवायला छोटं नमुना शेत ठेवा, अशा त्यांच्या सूचना होत्या. आज आपण शाळेत परसबाग करतो ना, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

१८८३ मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पावसाचं पाणी जिरवण्याची सूचना आहे. मोखाड्यात हे मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि उन्हाळ्यात रिकामा हंडा, दोन्ही त्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की आपल्या भागात जोतीराव शिकवताना सुरुवात शेतकऱ्यापासून करावी. परसबागेत वाफे करतानाच हा पाठ घ्यावा. दुसरं म्हणजे, मुलांना ग्रामसभा समजावून सांगावी. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला मोठे अधिकार दिले आहेत. पैसा किती आला, कशावर गेला, हे विचारणारा पाड्यावरचा माणूस जोतीरावांचंच काम पुढे नेतो.

काही जण म्हणतील, लहान पोरांना राजकारण कशाला? पण हिशोब विचारणं म्हणजे पक्षाचं राजकारण नव्हे. ज्या मुलाला बापाचं काम ‘काही नाही’ वाटतं, तो उद्या ग्रामसभेत मागच्या रांगेतच बसणार. दिवाळीनंतर कामासाठी गाव सोडावं लागणाऱ्या घरांना तर हे शिक्षण अधिक गरजेचं.

परीक्षेला सनावळी विचारतात, ती शिकवूच. त्यासोबत ही सहीसुद्धा शिकवू.

आणि पालकहो, एक विनंती. “शिक, नाहीतर शेती करावी लागेल,” असं मुलांना धमकावू नका. शिकून शेती केली तर ती अधिक चांगली होईल, असं सांगा. तो तक्ता आम्ही नंतर पुन्हा भरला. मुलाने ‘शेतकरी’ लिहिलं आणि विचारलं, “सर, आईचं पण लिहू? आवणी तीच करते.”

मी म्हटलं, “लिही की!”