जुगाड कुठेही करा, ब्रेकला नको!

वीकएंडला पुण्याहून हातकणंगल्याला, घरी. सांगली रोडवर ब्रेक दाबला की पुढचं चाक किंचाळायचं. म्हटलं, पॅडच तर बदलायचेत! कोल्हापुरातून नवा सेट आणला, इंटरनेटवर दोन व्हिडिओ पाहिले आणि अंगणात गाडी जॅकवर चढवली. टूलकिट? डिकीतला जॅक, चाकाचा पाना आणि शेजारच्या काकांची पक्कड. फुल्ल कॉन्फिडन्स!

तेवढ्यात मामा आला. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत उभी हयात गेलेला माणूस. चहाचा कप तसाच ठेवला आणि म्हणाला, "काय करालास रे? जॅक उचलायला असतोय, धरून ठेवायला न्हाई. हात आत घालशील आणि गाडी बसंल अंगावर!"

झालं, आमचा क्लास सुरू. गाडी मातीवरून फरशीवर आली. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल केले, मग जॅक आणि त्याखाली मामाच्या ओळखीतल्या गॅरेजमधून आणलेले दोन लोखंडी स्टँड.

पक्कड तर त्याने खिशातच घातली. पकडीने बोल्टचे कोपरे झिजतात, मग तो ना सुटत ना नीट आवळत. तिथे हवा बरोब्बर नंबरचा रिंग पाना किंवा बॉक्स पाना. कॅलिपर सुटला की रबरी पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने वर बांधायचा. पिस्टन मागे ढकलायला स्क्रू-ड्रायव्हर नाही, सी-क्लॅम्प. तोही हळूहळू, कारण वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल चढतं आणि सांडलं तर रंग खातं. काही गाड्यांत मागच्या डिस्कचा पिस्टन फिरवत आत घ्यावा लागतो, त्याचं टूलच वेगळं. धूळ फुंकायची नाही, तोंडाला मास्क आणि ब्रेक क्लीनरचा स्प्रे. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम.

शेवटी टॉर्क रेंच. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बोल्टचा न्यूटन-मीटरचा आकडा दिलेला असतो. कमी आवळला तर सुटतो, जास्त आवळला तर आटे जातात. 'हाताचा अंदाज' चपातीला ठीक आहे, बॉस!

आणि सगळ्यात महत्त्वाचं : गाडी हलवण्याआधी ब्रेक पॅडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचं. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिला ब्रेक थेट तळाला जातो. गेटबाहेर पडल्यावर हे कळून उपयोग नाही.

एवढ्या टूल्सचा खर्च? एकदाच, तोही चार मित्रांत वाटून घ्या. नाहीतर सरळ मेकॅनिककडे जा, त्यात कमीपणा कसला? पॅडल स्पंजसारखं लागतंय, ऑइल गळतंय, एबीएसचा दिवा पेटलाय? मग तर घरी हात लावूच नका.

रविवारी रात्री परत निघालो. कात्रजचा नवा बोगदा संपला आणि नवले पुलापर्यंतचा तो उतार सुरू झाला. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथेच एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली होती. पुढे लाल दिव्यांची रांग दिसली. ब्रेक दाबला. आवाज नाही, थरथर नाही, गाडी जागच्या जागी.

घरी पोचल्यावर पहिला फोन मामाला. "पोचलास न्हवं? मग स्टँड गॅरेजवाल्याला परत देऊन येतो," म्हणाला.