चमत्कार आणि चौकशी

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या खापर परिसरात आजाऱ्याला भगताकडे नेण्याची चाल जुनी आहे. ख्रिस्ती प्रार्थनासभांतूनही रोगमुक्तीच्या साक्षी दिल्या जातात. अशा साक्षींकडे आणि ख्रिस्ती इतिहासातील चमत्कारांच्या वृत्तांतांकडे श्रद्धावंताने कसे पाहावे?

या संदर्भात मुंबईतील एका घटनेचे स्मरण होते. मार्च २०१२ मध्ये इर्ला येथील वेलंकनी मातेच्या चर्चमधील क्रूसमूर्तीच्या चरणांवरून पाणी ठिबकू लागले. भाविकांनी ते पवित्र मानून गोळा केले. बुद्धिवादी सनल एडामरुकू यांनी पाहणी केली आणि सांडपाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत असल्याचा निष्कर्ष मांडला. ख्रिस्तसभेने तो चमत्कार असल्याचे अधिकृतपणे जाहीर केले नव्हते. तरीही एडामरुकू यांच्या बोचऱ्या टीकेमुळे काही कॅथलिकांनी पोलिसांत तक्रारी केल्या आणि त्याच वर्षी त्यांनी देश सोडला. टीकेला शब्दांनी उत्तर देता आले असते; पोलिसांकडे धाव घेण्याचे कारण नव्हते, असे आम्हास वाटते.

कारण चौकशी ही ख्रिस्तसभेचीच रीत आहे. फ्रान्समधील लूर्द येथे १८५८ पासून रोगमुक्तीचे हजारो दावे झाले. वैद्यकीय तपासणीनंतर २०२५ पर्यंत त्यांपैकी केवळ ७२ चमत्कार म्हणून मान्य झाले. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने अलौकिक घटनांच्या पारखीसाठी नवे नियम लागू केले. त्यांनुसार सर्वांत अनुकूल निर्णयातही घटना अलौकिक असल्याची ग्वाही सहसा दिली जात नाही. प्रभूचे पुनरुत्थान हा आपल्या श्रद्धेचा पाया आहे. नंतरच्या काळातील चमत्कारांवर विश्वास ठेवण्याचे बंधन कोणावरही नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला गाजावाजा न करता याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवावयास सांगतो, हेही ध्यानात घ्यावे.

आमच्या भागात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे. पावसाळ्यात सर्पदंशाचे भय असते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरविले आहे. हा कायदा भगताला जसा लागू आहे, तसा प्रार्थना करविणाऱ्यालाही लागू आहे.

म्हणून आमच्या धर्मशिक्षकांना व प्रार्थनासभा चालविणाऱ्यांना आमची विनंती आहे : रोग्यासाठी अवश्य प्रार्थना करावी, परंतु त्याची औषधे बंद करण्यास कधीही सांगू नये. कोणी बरे झाल्याची साक्ष दिली, तर आधी डॉक्टरांचा तपासणी अहवाल पाहावा. रात्री-अपरात्री कोणाला साप चावल्यास प्रथम वाहन मिळवावे. प्रार्थना रुग्णालयाच्या वाटेवरही करता येते.