प्रवाहात उतरण्याआधी



मागच्या आठवड्यात साताऱ्याहून एका भगिनीचं पत्र आलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलांनी आईबाबांना मालदीवची सहल भेट दिली आहे. दोघांनी त्यासाठी स्कूबा डायव्हिंगचा रीतसर कोर्स केला, प्रमाणपत्रंही मिळवली. (वाचून मी टाळीच वाजवली!) पण तिथं गेल्यावर ‘ड्रिफ्ट डाइव्ह’ करायचा, असं यजमानांनी परस्पर ठरवून टाकलंय. त्या लिहितात, ‘प्रवाहात स्वतःला सोडून द्यायचं, या कल्पनेनंच पोटात गोळा येतो. पण नाही म्हटलं तर ह्यांचा हिरमोड होईल. काय करू?’

माझा स्वतःचा अनुभव म्हणाल तर मालवणच्या एका बुडीचा. तिथं शिकवणारा मुलगा आपल्याला शेवटपर्यंत धरून असतो, म्हणून पोहता न येणारीही मासे बघून येते. ड्रिफ्ट डाइव्ह म्हणजे ते नव्हे, हे आधी लक्षात घ्या. आमचा एक भाचा अंदमानात डायव्हिंग शिकवतो. त्याच्याशी सविस्तर बोलून मगच हे लिहिते आहे.

ड्रिफ्ट डाइव्ह म्हणजे काय? मालदीवची बेटं प्रवाळांच्या कड्यांवर वसलेली. त्या कड्यांना मध्येमध्ये खिंडी असतात. तिथले लोक त्यांना ‘कंदू’ म्हणतात. भरती-ओहोटीनं आणि मोसमी वाऱ्यांनी समुद्राचं पाणी या खिंडींतून आत-बाहेर धावतं. लग्नघरात पंगत उठली की दारात कशी दाटी होते, तसंच. बुडी मारणारा पाण्याशी झगडत नाही, पाणीच त्याला पुढं नेतं. नाव नांगर न टाकता वरून मागं मागं येते आणि शेवटी उचलून घेते. म्हणजे सगळी भिस्त वरच्या नावेवर! अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं हे आपल्या कोकणातल्या बायकांना सांगायला नको. त्या दिवसांत खिंडीतला ओढही वाढतो.

एक खरी घटना सांगते. फेब्रुवारी २०१४ मध्ये बालीजवळ सात जपानी स्त्रिया अशाच बुडीला गेल्या. त्यांतल्या दोघी तर शिक्षिका होत्या. हवा एकाएकी बिघडली, जोराचा पाऊस आला आणि नावेची नि त्यांची चुकामूक झाली. तीन दिवसांनी पाचजणी जिवंत सापडल्या. दोघींनी प्राण गमावले. घाबरवण्यासाठी नाही सांगत. पण येणाऱ्याला पोहता येतं की नाही एवढंच बघून भागत नाही, हे कळावं म्हणून.

म्हणून नेणारा माणूस पारखून घ्या. सोनाराकडे जाताना आपण चार ठिकाणी विचारतो, मग इथं तर जिवाचा प्रश्न आहे.

पहिली खूण अशी की, चांगला माणूस आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो. प्रमाणपत्र दाखवा, शेवटची बुडी कधी मारली, दमा किंवा हृदयाचा त्रास आहे का? ‘काही नाही हो ताई, सगळ्यांना जमतं’ असं म्हणून जो पैसे घेतो, त्याच्या दुकानाची पायरी उतरा. पहिल्या दिवशी शांत, उथळ पाण्यात तुमची तयारी बघणारा हवा. एका वाटाड्याबरोबर माणसं किती, तेही विचारा. चारच्या आसपास असली तर बरं.

दुसरं, नाव. खलाशी सगळा वेळ नावेवरच राहणार ना? वायरलेस, प्राणवायूची टाकी, प्रथमोपचाराची पेटी, प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का? ‘दाखवा’ म्हणायला लाजू नका. हवा बिघडली तर बेत रद्द करून पैसे परत देणार का, हेही आधीच ठरवा. एरवी पैशांपायी तोही निघतो नि आपणही.

तिसरं, माणसं मोजणं. मालवणहून परतताना आमच्या नावाड्यानं कुणालाच मोजलं नव्हतं. मीच मोजली, वऱ्हाड मोजायची सवय! तेव्हा हसू आलं. पुढं वाचलं की जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्यात असतानाच नाव परत निघून गेली. दोन दिवसांनी नावेवर त्यांची पिशवी दिसली तेव्हा कुठं लक्षात आलं. ते दोघं कधीच सापडले नाहीत. तेव्हापासून मला हसू येत नाही. नुसतं डोकी मोजून नाही, नाव घेऊन हजेरी हवी, जाताना आणि येताना.

आता पाण्यातलं. एक लांबट, नारिंगी फुगा असतो. वर येताना तो फुगवून पाण्यावर उभा करायचा, म्हणजे लाटांतून नावेला दिसतो. तो आणि शिट्टी प्रत्येकाजवळ हवी. ‘ह्यांच्याकडे आहे की’ हे चालायचं नाही! प्रवाह तुम्हा दोघांना वेगळं करायला क्षणभरही घेत नाही. फुगा वापरायचा सराव आधीच करा.

उतरताना सगळ्यांनी एकदमच उतरायचं. मागं रेंगाळणारी भलतीकडेच वाहून जाते. जोडीदार आणि वाटाड्या नजरेसमोर हवेत. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधा. नाही दिसला तर सावकाश वर या. तोही तसाच वर येईल, हे दोघांनी आधी ठरवून ठेवायचं. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही. टाकीत सुरुवातीला साधारण २०० बार हवा असते. ५० उरायच्या आत वर पोचायला हवं.

कधी प्रवाह खाली ओढतो. अशा वेळी सरळ वर झगडण्यात दम जातो. कड्यापासून आडवं दूर व्हायचं आणि जॅकेटमध्ये थोडी हवा भरायची. सुटका झाली की ती हवा लगेच सोडायची, नाहीतर भरकन वर फेकले जाल.

वर आल्यावर नाव दूर दिसली तर तिच्यामागं पोहत दमू नका. जॅकेट फुगवा, फुगा उभा धरा, शिट्टी वाजवा, आणि एकमेकांना सोडू नका.

आपल्या बायकांसाठी दोन गोष्टी. दिवस गेले असतील, किंवा तशी नुसती शंका असेल, तरी बुडी नको. सर्दीनं कान-नाक चोंदलं असेल तेव्हाही नको. शिवाय शेवटच्या बुडीनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही, तेव्हा परतीची तिकिटं बघून घ्या. प्रवासाच्या साध्या विम्यात डायव्हिंग धरलंय का, तेही विचारा.

आता साताऱ्याच्या ताई, तुमच्या प्रश्नाकडे वळते. डायव्हिंगमध्ये एक फार चांगला रिवाज आहे. कुणीही, कधीही, कुठलंही कारण न देता ‘मी नाही उतरत’ म्हणू शकतं, आणि त्याला का म्हणून विचारायचं नाही. पाण्याखाली अंगठा वर केला की ‘छान’ नव्हे, ‘आता वर जाऊ या’ असा अर्थ होतो, आणि जोडीदारानं निमूट वर यायचं असतं. पंचवीस वर्षांच्या संसारात आपल्यापैकी कितीजणींना असा अंगठा वर करता आला, सांगा बरं!

तेव्हा आधी दोन दिवस शांत पाण्यात उतरा. वाटाड्याला ‘आम्हाला सौम्य प्रवाहाची जागा दाखवा’ म्हणून सांगा, तशा जागा असतात. गोडी वाटली तर पुढं जा. नाही वाटली तर मोकळेपणानं नाही म्हणा. हिरमोड दोन दिवसांत जातो. भीती दाबून उतरलेली बाई मात्र भराभर श्वास घेते आणि तिची हवा लवकर संपते, हे यजमानांनाही ठाऊक असायला हवं. हा अंक त्यांच्या हातात द्या. आणि परत आलात की काय काय पाहिलंत ते मला जरूर कळवा हं!