जाड गॅस्केट आणि खोटा दिलासा

मी मराठीचा मास्तर. इंजिनात मला काय कळते, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पण आमच्या गोंदियात धान आणि डिझेल इंजिन यांची गाठ जुनी आहे. रोवणीच्या दिवसांत पावसाने दडी मारली आणि पंपाचे इंजिन बसले, तर बांधीतले पऱ्हे वाट पाहत थांबत नाहीत. त्यामुळे गॅरेजमध्ये जे चालते त्याबद्दल बोलायचा हक्क माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरालाही आहे.

माझा आक्षेप एका सल्ल्यावर आहे. इंजिन खोलले की दुकानातून सल्ला येतो, "जाडच गॅस्केट टाका, धोका नको." ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण हिशेब करून पाहा. ५ अश्वशक्तीच्या किर्लोस्कर एव्ही-१ इंजिनाचा बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर आणि दाबाचे प्रमाण साडेसोळास एक. पिस्टन वर-खाली होताना ५५३ घनसेंटिमीटर हवा हलते, आणि ती दाबून सुमारे ३६ घनसेंटिमीटर जागेत बसवायची असते. गॅस्केट अर्धा मिलिमीटर जाड घातले की या जागेत अडीच घनसेंटिमीटरची भर पडते, आणि प्रमाण साडेपंधरावर येते. डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. मग थंड सकाळी हँडल मारून हात दुखतात, धूर वाढतो, डिझेल जास्त जाते. इंजिन फुटत नाही, म्हणून कुणी गॅस्केटला दोष देत नाही. एवढेच.

पातळ गॅस्केटचा धोका मात्र खराच आहे. हेड वाकले म्हणून फेस करून घेतले की वॉल्व्ह पिस्टनकडे तेवढेच सरकतात. एक्झॉस्टचा स्ट्रोक संपून सक्शन सुरू होताना दोन्ही वॉल्व्ह थोडे उघडे असतात आणि पिस्टन अगदी वर आलेला असतो. तिथे गाठ पडली की वॉल्व्ह वाकतो, कधी पिस्टनही जातो.

म्हणून मोजायचे. पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते डायल गेजने बघतात. कित्येक डिझेल इंजिनांना कंपनी दोन-तीन जाडीची गॅस्केटे देते, जाडीची खूण कडेच्या खाचांवर किंवा भोकांवर असते. काही जुन्या इंजिनांत हे काम सिलिंडरखालच्या शिमने होते. पिस्टन आणि हेड यांतली फट बघायला शिशाची तार ठेवून, हेड पूर्ण कसून, हाताने फिरवून ती किती चपटी झाली ते मोजतात. वॉल्व्हसाठी मात्र मुलांच्या खेळण्यातली माती. पिस्टनवर थापायची, वॉल्व्हला तेल लावायचे, हेड कसायचे, दोन पूर्ण फेरे हाताने, सावकाश, अडकले तर थांबायचे. मग हेड काढून माती ब्लेडने कापून सर्वांत पातळ जागा मोजायची. गॅस्केट मात्र कसल्यावर जेवढे दबते ती जाडी धरायची, पाकिटावरची नाही. पेट्रोल इंजिन बांधणारे सक्शनला २ आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर हा ठोकताळा धरतात. डिझेलमध्ये फट त्याहून बरीच कमी असते, तिथे कंपनीच्या पुस्तकातला आकडाच पाहावा.

माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. त्याला हे सगळे येते. मी विचारले, मग करत का नाहीस? तो म्हणाला, "गुरुजी, मोजत बसलो त गिऱ्हाईक पैसे देते का? त्याले उद्या सकाळी पानी पाहिजे."

त्याचे खोटे नाही. नवे पार्ट दिसतात, मोजमाप दिसत नाही, म्हणून बिलात त्याची ओळ नसते. कारागिराला आळशी म्हणणे सोपे आहे, पण इथे चिकटपणा आपला, गिऱ्हाइकाचा आहे. माझे मत असे, की इंजिन उन्हाळ्यात, रोवणीच्या घाईआधी खोलावे आणि गॅरेजवाल्याला आधीच सांगावे, मोजण्याची वेगळी मजुरी देतो, पण आकडे वहीत लिहून दे. हेड किती फेस केले, गॅस्केट कितीचे घातले, फट किती निघाली. पुढच्या वेळी हेड पुन्हा फेस करायची पाळी आली, तर ते आधीच किती घासले आहे हे दुसऱ्या कारागिराला त्या वहीवरूनच कळेल.